लॅटिनमध्ये लिहिलेले, लोकभाषेत बोललेले : मध्ययुगीन ख्रिस्ती प्रवचनाचा श्रोता कसा ओळखावा?

प्रश्न असा विचारला गेला आहे : मध्ययुगीन युरोपात धर्मगुरूंपुढची प्रवचने लॅटिनमध्ये आणि प्रापंचिकांपुढची लोकभाषेत होत असे सगळीकडे वाचायला मिळते, मग आज उपलब्ध असलेले बहुतेक प्रवचनसंग्रह लॅटिनमध्येच का आहेत, आणि एखादे प्रवचन नेमके कोणापुढे झाले हे कसे ठरवायचे? लॅटिन प्रवचनसंग्रह वाचण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर मी थोडक्यात देऊ शकतो. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल. 'विद्वानांना कठीण, अडाण्यांना सोपे' अशी जी विभागणी आपण मनाशी धरून चालतो, ती त्या काळाला फारशी लागू पडत नाही असे माझे मत आहे. कोणाचे दोष कोणासमोर काढायचे आणि तोंड उघडण्याचा अधिकार कोणाला, या दोन गोष्टींवरून तेव्हाची खरी सीमारेषा आखली गेली होती.

आधी भाषेचे पाहू. प्रवचन श्रोत्याला कळले पाहिजे याची जाणीव चर्चला फार लवकर झाली होती. ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने बिशपांना सांगितले की प्रवचने लोकांच्या ग्रामीण रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत उलगडून सांगावीत, म्हणजे सर्वांना ती समजतील. तरीही पुढची सहा-सातशे वर्षे लिहिताना लॅटिनच वापरली गेली, आणि त्यामागे व्यवहार होता. बायबलचे वचन, धर्मपित्यांची (म्हणजे आरंभीच्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांची) अवतरणे, शब्दांचे संक्षेप हे सगळे लॅटिनमध्ये तयार होते. लोकभाषांचे लेखन अजून स्थिरावलेले नव्हते. आणि पॅरिसमध्ये तयार झालेली वही बोलोन्याच्या किंवा ऑक्सफर्डच्या उपदेशकालाही वापरता यायला हवी होती. उपदेशक लॅटिन मजकूर डोळ्यांखालून घालत असे आणि व्यासपीठावर उभा राहिल्यावर तो आपल्या बोलीत मांडत असे. तेव्हा लॅटिन संहिता म्हणजे झालेले भाषण नव्हे, ती भाषणाची शिधासामग्री होती. कधी कधी तर ऐकणाराच उलटा प्रवास करी : १२७२-७३ या काळात पॅरिसमध्ये झालेली फ्रेंच प्रवचने श्रोत्यांनी लॅटिनमध्ये टिपून घेतली, आणि जिथे वक्त्याची म्हण किंवा टोमणा लॅटिनमध्ये उतरेना तिथे फ्रेंच शब्द तसेच ठेवले. अशी मधूनच डोकावणारी लोकभाषा दिसली की हा मजकूर बोललेल्या शब्दाच्या जवळचा आहे, असे मी समजतो.

प्रत्यक्ष बोलणे कसे होते हे पाहायचे तर इटलीकडे वळावे लागते. उपदेश करणाऱ्या भिक्षूंच्या दोमिनिकन संघाचे जोर्दानो दा पिसा यांची फ्लॉरेन्समधील प्रवचने श्रोत्यांनी तिथल्या बोलीतच उतरवून घेतली. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी ते सांगता सांगता म्हणून गेले की नीट दिसावे म्हणून चश्मे बनवण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत आणि ती शोधणाऱ्या माणसाला आपण स्वतः पाहिले आहे. चश्म्याच्या इतिहासातला एवढा मोलाचा पुरावा एका प्रवचनातल्या विषयांतरातून आला आहे! लॅटिन संग्रहासाठी हेच प्रवचन कोणी साफसूफ केले असते, तर हे वाक्य बहुधा पहिल्याच हाताला गळाले असते.

त्याहून समृद्ध उदाहरण १४२७ चे आहे. त्या वर्षी ऑगस्टच्या मध्यापासून सिएना शहराच्या मोठ्या चौकात, काम्पोमध्ये, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या भिक्षू संघाचे बेर्नार्दिनो यांनी ४५ प्रवचने दिली. बेनेदेत्तो नावाचा, कापडाची लव कातरणारा एक गरीब, कुटुंबवत्सल कारागीर रोज तिथे येऊन बसे. मेणाच्या पाट्यांवर तो आपल्या खुणांच्या लिपीत प्रवचन उतरवी आणि घरी गेल्यावर, दिवसाच्या कामाला हात घालण्यापूर्वी, सगळे कागदावर लिहून काढी. त्याने अगदी बारीकसारीक शब्दही सोडले नाहीत. म्हणून वक्ता मध्येच थांबून कारंजाजवळच्या लोकांवर ओरडतो, "तिथे बाजार मांडून बसला आहात, तो दुसरीकडे नेऊन मांडा", हे आज आपल्याला ऐकू येते. स्त्रिया आणि पुरुष यांच्यामध्ये कापडी पडदा असे. त्या काळच्या चित्रात तो स्पष्ट दिसतो. याच बेर्नार्दिनोंनी उपदेशकांच्या उपयोगासाठी जे लॅटिन प्रवचनग्रंथ लिहिले त्यांत कारंजे नाही, बाजार नाही. आहे ती मुद्देसूद, अवतरणांनी भरलेली धर्मचर्चा. एकच माणूस, बरेचसे विषयही तेच, पण दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले तर लेखक दोन वाटावेत.

आता एवढी प्रवचने मुळात झाली कशी, हे. तेराव्या शतकापर्यंत प्रवचन हे मुख्यतः बिशपांचे काम होते आणि ते अनेक ठिकाणी होतच नसे. रोममध्ये भरलेल्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने आपल्या दहाव्या नियमात हे जवळजवळ कबूल केले : कामांचा व्याप, आजारपण, शत्रूंचे हल्ले यांमुळे बिशपांना स्वतः उपदेश करणे जमत नाही (ज्ञानाच्या अभावाचे तर नावच काढायला नको, असा चिमटा त्या नियमातच आहे), म्हणून त्यांनी समर्थ माणसे नेमावीत. याच परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापकबुली द्यावी असे ठरवले. कबुली द्यायची तर पाप कशाला म्हणतात हे आधी माणसाला कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि हे सांगण्याचे काम नव्या भिक्षू संघांनी उचलले. दोमिनिकन संघाला १२१६ मध्ये मान्यता मिळाली. फ्रान्सिस्कन संघाच्या १२२३ च्या नियमावलीत तर दुर्गुण आणि सद्गुण, शिक्षा आणि वैभव एवढेच सांगावे व थोडक्यात सांगावे, अशी आज्ञा आहे. (तिचे पालन सर्वांनी केले असे म्हणवत नाही, बेर्नार्दिनो फ्रान्सिस्कनच होते आणि तासन्‌तास बोलत.)

प्रवचनाच्या घडणीकडे वळलो की श्रोत्यांमधला पहिला खरा फरक हाती लागतो. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये रूढ झालेली रचना अशी : आरंभी बायबलमधले एक छोटे वचन, मग प्रार्थनेकडे नेणारी लहान प्रस्तावना, वचनाची पुनरावृत्ती, त्याचे तीन किंवा चार भाग, आणि प्रत्येक भागाला शास्त्रवचन, युक्तिवाद व दृष्टांत यांचा आधार. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला अभंग घेऊन बुवा त्याचे निरूपण करतात, तसाच हा प्रकार. मात्र इथे आख्यान उत्तररंगासाठी राखून ठेवत नाहीत, दृष्टांत प्रत्येक भागाच्या पोटातच येतो. नाताळपूर्व आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचे लोकप्रिय वचन घ्या : 'पाहा, तुझा राजा सौम्य होऊन तुझ्याकडे येत आहे.' या वचनाचे शब्दच फोडले तर 'राजा' या शब्दातून येणाऱ्याची सत्ता, 'तुझा' यातून त्याचे आपल्याशी नाते, 'सौम्य' यातून त्याच्या येण्याची रीत असे भाग पडतात. हे झाले आतून केलेले विभाजन. वचनाबाहेरून सुरुवात करता येते तीही अशी : पाहुणा घरी येतो तेव्हा तो कोण, कशासाठी आला आणि त्याचे स्वागत कसे करायचे हे पाहतात, तेच या राजाबाबत पाहू. उपदेशकलेवरचे ग्रंथ आतले विभाजन धर्मगुरूंसाठी आणि बाहेरचे लोकांसाठी योग्य मानतात. कारण साधे आहे. ज्याला लॅटिन वचन पाठ आहे त्यालाच त्याच्या शब्दाशब्दावर चाललेला खेळ कळतो; ज्याने ते नुकतेच आपल्या बोलीत ऐकले आहे त्याला नाही. म्हणजे हा फरक बुद्धीचा नाही, तोंडपाठ असण्याचा आहे. लॅटिनमध्ये या भागांना यमके जुळवलेली असत, ती भाषांतरात सांडून जात. तरी 'तीन गोष्टी लक्षात ठेवा' ही मोजणी लोकांसमोरही टिकून राही.

दृष्टांतांबाबत मात्र नेहमीची समजूत बाजूला ठेवावी लागते. गोष्टी अडाण्यांसाठी, असे त्या काळचे ग्रंथही सांगतात. जाक द व्हित्री, जे आधी अक्रेचे बिशप होते आणि पुढे कार्डिनल झाले, ते आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लोकांच्या बोधासाठी आणि कंटाळलेल्यांना जागे करण्यासाठी दृष्टांत वापरावेत असे म्हणतात. पण कंटाळायला मठवासीही काही कमी नव्हते. बाराव्या शतकातले मठप्रमुख बर्नार्ड ऑफ क्लेअरव्हो यांनी सॉलोमनच्या गीतरत्नावर मठातल्या बंधूंपुढे जी ८६ प्रवचने केली, त्यांतील एकात ते म्हणतात की काही जण जांभया देत आहेत आणि काही पेंगत आहेत, पण गेल्या रात्रीची उपासना फार लांबली होती म्हणून मी समजून घेतो. जर्मनीतल्या हाइस्टरबाख मठाचे अॅबट (मठप्रमुख) गेव्हार्ड यांनी एवढा समंजसपणा दाखवला नाही. मठाच्या सभागृहात सणाच्या दिवशी प्रवचन चालू असताना अनेक जण, विशेषतः अंगमेहनतीची कामे करणारे बंधू, झोपलेले आणि काही तर घोरत असलेले त्यांना दिसले. त्यांनी एकदम आवाज चढवला : "ऐका बंधूंनो, एक नवी आणि मोठी गोष्ट सांगतो. आर्थर नावाचा एक राजा होता..." सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिथेच थांबून त्यांनी फटकारले की देवाबद्दल बोलत होतो तेव्हा तुम्ही झोपलात, आणि थिल्लर शब्द निघाला तसे कान टवकारलेत.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न आपण मराठीत रोज विचारतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या ओडो ऑफ चेरिटन यांनी उंदरांच्या सभेची ही गोष्ट सांगितली तेव्हा ती प्रापंचिकांना लावली नव्हती, मठवासी आणि धर्मगुरूंना लावली होती : बिशपांविरुद्ध किंवा अॅबटविरुद्ध कुजबुज सगळे करतात, पण समोर उभे राहायची वेळ आली की पुढे कोण येतो? १३७६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटचे अधिवेशन चालू असताना रॉचेस्टरचे बिशप थॉमस ब्रिंटन यांनी हीच गोष्ट राज्यकारभारावरच्या टीकेसाठी वापरली. म्हणून एखाद्या लॅटिन प्रवचनात प्राण्यांची गोष्ट सापडली, एवढ्यावरून ते लोकांसाठी होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

या दृष्टांतांच्या प्रवासात आपलाही वाटा आहे, आणि तो सांगायला मला नेहमीच आवडते. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला एक गोष्ट सांगतो : विहिरीत वेलींना लटकलेला माणूस, खाली सर्प, काठावर हत्ती, वेली-मुळ्या कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि तरीही वरून ठिबकणाऱ्या मधाच्या थेंबांत रमलेला तो जीव. हीच गोष्ट हत्तीऐवजी एकशिंगी प्राणी घेऊन युरोपात पोहोचली. बार्लाम आणि जोसाफात यांच्या कथेत ती आहे, आणि ही कथा म्हणजे अरबी व ग्रीक भाषांतून वाट काढत गेलेले गौतम बुद्धाचे चरित्रच होय. तेराव्या शतकात जाकोपो दा व्हाराजिने यांनी संतचरित्रांच्या आपल्या संग्रहात ती घेतली; तो संग्रह उपदेशकांच्या नेहमीच्या वापरातला असल्याने तिथून ती व्यासपीठांवर गेली. दुधाचे मडके घेऊन बाजाराला निघालेली आणि कोंबड्या-डुकरांची स्वप्ने पाहत ते फोडून बसलेली म्हातारी जाक द व्हित्री यांच्याकडे भेटते. पंचतंत्रातल्या सातूच्या मडक्याची गोष्ट माहीत असलेल्या मराठी वाचकाला ती लगेच ओळखू येईल.

श्रोत्यानुसार प्रवचन बदलावे हा विचार तसा जुना. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी गरिबाला एक, श्रीमंताला दुसरे, आनंदी माणसाला एक, खिन्न माणसाला दुसरे असे कसे सांगावे हे विस्ताराने लिहिले होते. बाराव्या-तेराव्या शतकांत ही स्वभावांची वर्गवारी मागे पडली आणि धंद्यांची व दर्जांची पुढे आली. आलाँ द लील, जाक द व्हित्री आणि दोमिनिकन संघाचे प्रमुख हुंबर्ट ऑफ रोमन्स यांच्याकडे ती दिसते. हुंबर्ट यांनी तर माणसांचे शंभर प्रकार करून प्रत्येकासाठी प्रवचनाचा आराखडा दिला. त्यांत खेड्यांतल्या गरीब बायका आहेत, मोलकरणी आहेत, जत्रा-बाजारांत जमलेले लोक आहेत आणि विद्यापीठातले विद्यार्थीही आहेत. या याद्या वाचताना धर्मगुरू आणि प्रापंचिक अशी दोन खणांची पेटी उरतच नाही.

तरीही ती पेटी चर्चने प्राणपणाने जपली, आणि कारण होते दोष. धर्मगुरूंच्या सभेत धर्मगुरूंवर कोरडे ओढणे मान्य होते. १२५० मध्ये लिऑन येथे लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी पोप इनोसंट चौथे आणि कार्डिनल यांच्यासमोर जे निवेदन मांडले त्यात धर्मगुरूंच्या अधःपाताचे मूळ खुद्द पोपच्या दरबारात आहे असे म्हटले होते. त्यासाठी कोणी त्यांना पाखंडी ठरवले नाही. तेच बाजारातल्या लोकांपुढे बोलणे वेगळे. चर्चवर कडक टीका करणारे इंग्लंडचे धर्मपंडित जॉन विक्लिफ यांच्या अनुयायांच्या प्रचाराने धास्तावलेले कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस अरुंडेल यांनी १४०९ मध्ये जारी केलेल्या नियमांत हे स्वच्छ लिहिले आहे : उपदेशकाने धर्मगुरूंपुढे धर्मगुरूंच्या दोषांवर बोलावे आणि प्रापंचिकांपुढे प्रापंचिकांच्या; उलट करू नये. शिवाय परवान्याशिवाय उपदेश करू नये. 'श्रोत्याप्रमाणे बोलावे' हा ग्रेगरींचा शहाणा सल्ला इथे पोलिसी नियम होऊन बसला आहे.

बोलण्याच्या अधिकाराचेही तसेच. १२०१ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी उत्तर इटलीतल्या हुमिलियाती या पंथाच्या प्रापंचिकांना एकत्र जमून नीतीवर बोलायची मोकळीक दिली, पण धर्मश्रद्धेची तत्त्वे आणि संस्कार यांना हात लावायचा नाही अशी अट घातली. त्याआधी लिऑनच्या वाल्देस यांच्या अनुयायांना अशाच बोलण्यासाठी ११८४ मध्ये बहिष्कृत केले गेले होते. स्त्रियांना तर ही अर्धी मोकळीकही नव्हती. १४१७ मध्ये मार्जरी केम्प या इंग्लंडमधल्या प्रापंचिक स्त्रीला यॉर्कच्या आर्चबिशपांपुढे उभे केले गेले. स्त्रीने उपदेश करू नये हे संत पॉल यांचे वचन एका धर्मगुरूने तिच्यापुढे वाचले. तिचे उत्तर असे की मी उपदेश करत नाही, व्यासपीठावर चढत नाही, फक्त चार चांगले शब्द बोलते. मग दुसरा तक्रार करतो : हिने मला धर्मगुरूंबद्दल आजवर ऐकली नव्हती अशी वाईट गोष्ट सांगितली. आर्चबिशप ती गोष्ट तिच्याकडून तिथेच सांगवून घेतात. रानात हरवलेल्या एका धर्मगुरूला फुललेले नासपतीचे झाड दिसते. अस्वल येऊन त्याचा मोहोर खाते आणि त्याच्याकडे पाठ करून तो विष्ठारूपाने बाहेर टाकते. पुढे एक वाटसरू त्याला सांगतो की ते झाड तूच, आणि पवित्र संस्कारांची तू तशीच नासाडी करतोस. हा नियमाप्रमाणे रचलेला, उत्तम दृष्टांत आहे. आर्चबिशपांना गोष्ट आवडली आणि तक्रार करणारा आपल्या काळजाला लागल्याचे कबूल करतो. घडणीत काहीच चूक नव्हती; तक्रार एवढीच होती की ती सांगणारी कोण आणि सांगितली कोणाबद्दल.

तेव्हा हाती आलेल्या प्रवचनाचा श्रोता ठरवताना मी भाषा जवळजवळ शेवटी पाहतो. मथळ्यात 'लोकांप्रति' किंवा 'धर्मगुरूंप्रति' असे लिहिलेले असेल तर ते नोंदवावे, पण मथळे नकलकारांनीही घातलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. नंतर प्रसंग पाहावा : रविवारची मालिका आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची मालिका बहुतांशी लोकांकडे झुकते, धर्मप्रांताच्या सभेचे किंवा विद्यापीठातले प्रवचन धर्मगुरूंचे असते. विभाजन आतले की बाहेरचे, हे तपासावे. आणि सर्वात महत्त्वाचे, कोणत्या पापांवर किती ओळी खर्च झाल्या आहेत ते मोजावे. खोटी मापे, नाच, रविवारची मजुरी, नवऱ्याबायकोची भांडणे असतील तर समोर प्रापंचिक होते. एकाहून अधिक चर्चची उत्पन्ने लाटणे, आपल्या धर्मग्रामात न राहणे, उपासना घाईघाईने उरकणे असेल तर धर्मगुरू. दोन्ही सारख्या प्रमाणात असतील तर प्रवचन मिश्र सभेतले असू शकते किंवा उपदेशकाने हवे ते उचलावे म्हणून तयार केलेला साठा असू शकतो, आणि माझ्या अनुभवात हा दुसरा पर्याय अधिक वेळा खरा निघतो.

वाचनाची सुरुवात कुठून करावी असेही विचारले आहे. इटालियन वाचता येत असेल तर १४२७ च्या सिएनाच्या प्रवचनांपासून करावी. मात्र त्याच पानांवर समलैंगिकांविरुद्ध आणि चेटकीण ठरवलेल्या स्त्रियांविरुद्ध अत्यंत विखारी भाषा आहे, रोममध्ये अशा स्त्रिया जाळल्या गेल्याचे समाधानाने केलेले वर्णन आहे, आणि कारंजाजवळच्या बाजारावर हसवणारा वक्ताच ती सांगतो आहे. निवडक उताऱ्यांच्या पुस्तकांतून हा भाग अनेकदा वगळतात. म्हणून शक्य असेल तर पूर्ण आवृत्तीच घ्यावी.